पक्षकाराच्या घरचं पाणी

माझी बायको कायदा शिकवायची आणि मी रसायनशास्त्र. एकाच गावात, पण वेगवेगळ्या कॉलेजांत. लोक म्हणायचे, काय छान जोडी आहे, एक विष ओळखतो आणि दुसरी विष सोडणाऱ्याला कोर्टात खेचते. बोलायला काय जातंय लोकांचं! घरात आम्ही कशावरून भांडायचो ते त्यांना कुठे ठाऊक होतं? आम्ही भांडायचो पाण्याच्या बाटलीवरून.

चारुशीला, म्हणजे विद्यार्थ्यांच्या केळुसकर मॅडम, जनहिताचा कायदा शिकवायची. तिच्या बरोबरीचे कुणी न्यायाधीश झाले, कुणी मुंबईत काचेच्या ऑफिसांत बसले. तिलाही बोलावणं आलं होतं, एकदा नव्हे, चांगलं दोनतीनदा. ही बया रत्नागिरीतून हलली नाही. कॉलेजच्या मागच्या बाजूला, पूर्वी जिथे सायकली लावायचे त्या शेडमध्ये तिने विधी सहाय्य केंद्र काढलं. गळकं छप्पर, चार टेबलं, आणि दर वर्षी नवी पोरं. त्या पोरांना घेऊन ती खाडीकाठच्या गावांत फिरायची. कुणाची वाट अडवलेली, कुणाच्या शाळेचं छप्पर उडालेलं, कुणाच्या खाडीत कारखान्याने रंग सोडलेला. त्या शेडमधून निघालेल्या याचिकांवर उच्च न्यायालयाने दिलेले आदेश आज पाठ्यपुस्तकांत आहेत. शेड मात्र अजून गळतेच आहे.

तिचा एक नियम होता. पोरं पहिल्यांदा गावात निघाली की ती सगळ्यांच्या पिशव्यांतून पाण्याच्या बाटल्या काढून टेबलावर ठेवायला लावायची. ‘पक्षकाराच्या घरचं पाणी प्यायचं. ज्याच्या हातचं पाणी तुम्हाला चालत नाही, त्याची बाजू तुम्ही काय कप्पाळ मांडणार?’ असं ठणकावून सांगायची. दुसऱ्या एखाद्या गावात याला मी हात जोडले असते. आपल्या देशात कुणी कुणाच्या घरचं पाणी प्यावं यावरून काय काय झालंय ते मलाही कळतं. पण भाटखोलला?

भाटखोल म्हणजे खाडीच्या अगदी तोंडावरचं भोयांचं गाव. वरच्या अंगाला रंगद्रव्यांचा कारखाना. पिवळा, नारिंगी, लाल, झकास रंग, आणि त्यांच्यासोबत कॅडमियम नावाचा धातू. तो सांडपाण्यातून खाडीत, खाडीतून झिरपत गावच्या विहिरीत. शरीरात शिरला की मूत्रपिंडात घर करून बसतो आणि वर्षानुवर्षं हलत नाही. भाटखोलमध्ये चाळिशीतल्या बायकांची हाडं मोडायची, माणसं सुजायची, मरायची. चारूने भाटखोलसाठी याचिका केली तेव्हा आमचे केस काळे होते.

‘अगं, बाटली ने,’ मी म्हणायचो.

‘ती माणसं रोज पितात शिरीष. मी महिन्यातून दोनदा प्यायले तर मरते काय?’

‘मरायला वेळ लागतो. तोवर निदान बाटली ने.’

ती हसायची आणि बाटली ओट्यावर ठेवून जायची. परत येताना भाटखोलच्या भामाकाकींनी दिलेली कालवं आणायची. आता खरं सांगायचं तर, पाण्याच्या नावाने बोंबलणारा हा रसायनशास्त्राचा प्राध्यापक ती कालवं मिटक्या मारत खायचा. कालवं दिवसभर खाडीचं पाणी गाळत असतात आणि त्यातला धातू अंगात साठवतात, हे मी स्वतः वर्गात शिकवलेलं आहे. पण कालवांचं सुकं समोर आलं की कोकणातल्या माणसाचं शिक्षण कुठे जातं देव जाणे.

भाटखोलची याचिका वर्षानुवर्षं रखडली. कारण एकच. कारखान्याचा वकील उभा राहायचा आणि म्हणायचा, या बाईची मूत्रपिंडं आमच्याच कॅडमियमने गेली हे दाखवा. विडी ओढत असेल, विडीतही कॅडमियम असतं. भातात असतं. खतात असतं. आणि ते दाखवता येत नव्हतं. गावात आजार जास्त आहे हे आकड्यांनी दिसायचं. पण आकड्यांना मूत्रपिंडं नसतात.

मग स्रोतचाचणी आली.

हे जरा नीट सांगतो, वर्गात सांगायचो तसं. कॅडमियमसारख्या धातूचे सगळे अणू सारख्याच वजनाचे नसतात. काही किंचित जड, काही किंचित हलके. खनिज कुठल्या खाणीतलं आणि ते कुठल्या भट्टीत किती तापवलं, यावरून जड आणि हलक्या अणूंचं प्रमाण ठरतं. म्हणजे प्रत्येक कारखान्याच्या कॅडमियमला स्वतःची अशी ओळख असते. विडीतल्याची वेगळी, खतातल्याची वेगळी. तुमच्या नखाचा तुकडा घेतला की तुमच्या अंगातला धातू कुठून आला ते सांगता येतं. हा झाला अर्धा भाग. उरलेला अर्धा रक्तात असतो. विषाचा मार बसला की पेशींमधल्या डीएनएवर बारीक रासायनिक खुणा उमटतात. कुठल्या विषाने कशा खुणा उमटतात हे आता यंत्राला लाखो नमुने दाखवून शिकवलेलं आहे. नख सांगतं विष कुणाचं. रक्त सांगतं त्याने तुमचं किती वाटोळं केलं.

चाचणीची बातमी आली त्या दिवशी चारू घरभर नाचायचीच बाकी होती. ‘आता म्हणू दे त्याला विडी!’

सरकारनेही कायदा केला. चाचणीत इजा ठरावीक रेषेच्या वर गेली तर तो माणूस ‘बाधित’. कारखान्याने त्याचा संपूर्ण उपचार करायचा, मुंबईला नेऊन. उपचारही नवीनच होता, माणसाच्याच पेशींपासून मूत्रपिंडाचा खराब भाग परत वाढवायचा. पदरच्या पैशाने करायचा तर घरदार विकूनही जमला नसता. लवकर सुरू केला तर माणूस वाचायचा. बदल्यात बाधिताने सही करायची, की या कारखान्याविरुद्ध माझी कुठलीही तक्रार, स्वतःची किंवा सार्वजनिक, आता उरलेली नाही.

आणि रेषेच्या खालचे? त्यांना कायद्याच्या नजरेत काही झालेलंच नाही. मिळणारही काही नाही.

भाटखोलमध्ये लोक चाचणीला घाबरत होते. तेव्हा चारू शाळेच्या पडवीत सगळ्यांसमोर बसली आणि तपासायला आलेल्या डॉक्टर शबाना मुकादमना म्हणाली, ‘आधी माझं घ्या.’ नख कापून दिलं, रक्त दिलं. मग भामाकाकी उठल्या, मग बाकीचे. मला हे नंतर कळलं. मी भाटखोलला कधी गेलोच नव्हतो. एवढ्या वर्षांत एकदाही नाही.

निकाल आले आणि गाव उभं चिरलं गेलं. एकाच घरात नवरा रेषेच्या वर, बायको खाली. एकाच पातीवर, म्हणजे छोट्या होडीवर, मासे मारणारे दोन भाऊ, एक मुंबईला निघाला, दुसरा तेच पाणी पीत राहिला. सह्या करून माणसं जात होती, आणि जाऊ नका असं कुठल्या तोंडाने म्हणणार? जीव वाचत होता त्यांचा. पण खाडी साफ करा, विहीर बदला, सांडपाणी थांबवा, हे मागणारं आता कुणी उरलं नाही. उरली ती एकटी चारूची याचिका.

डॉक्टर शबाना आमच्या घरी आल्या तेव्हा मी चहा टाकायला उठलो. त्या म्हणाल्या, ‘सर, बसा तुम्ही पण.’

मी बसलो नाही. ओट्याला धरून उभा राहिलो.

‘मॅडम, तुमच्या अंगातलं कॅडमियम जवळजवळ सगळं भाटखोलचं आहे. आणि इजा रेषेच्या बरीच वर आहे. तुमची मूत्रपिंडं मुळातच नाजूक असणार, त्यामुळे थोड्या पाण्यानेही जास्त झालं. उपचार लगेच सुरू करायला हवेत.’

मी काय बोललो ते आता आठवलं तरी लाज वाटते. डॉक्टरांसमोरच ओरडलो, ‘बाटली! एक बाटली न्यायची होती! एवढंच सांगत होतो मी!’

चारू शांत होती. तिचं लक्ष माझ्याकडे नव्हतंच. ‘शबाना,’ ती हळू म्हणाली, ‘मी पोरांना पण पाजलंय गं ते पाणी. एवढ्या तुकड्या.’ आणि मग माझी ती तोंडाळ बायको, जी न्यायाधीशांपुढेही कधी अडखळली नाही, तोंडावर पदर घेऊन रडली.

दुसऱ्या दिवसापासून ती फोनला चिकटली. प्रत्येक जुन्या विद्यार्थ्याला सांगायची, चाचणी करून घे. कुणी ठाण्याला, कुणी दिल्लीला, एक तर परदेशात. बहुतेक वाचले, थोडी पोरं रेषेच्या वर निघाली. त्यातलं एकही तिच्यावर चिडलं नाही. तिला त्याचाच जास्त त्रास झाला.

‘सही कर आणि मुंबईला चल,’ मी म्हणालो.

‘नाही करता येणार.’

आता यातली कायद्याची गंमत ऐका. गंमत कसली, चेष्टाच ती. जनहित याचिका करणाऱ्याने शपथेवर सांगावं लागतं की यात माझं वैयक्तिक हित काही नाही. चारूने ते पूर्वी सांगितलं होतं आणि तेव्हा ते खरं होतं. आता ती बाधित ठरली, म्हणजे तिचं हित निर्माण झालं. तिने स्वतःच प्रतिज्ञापत्र करून न्यायालयाला ते कळवलं. न्यायालयाने सांगितलं, पुढच्या तारखेपर्यंत हित नसलेला दुसरा याचिकाकर्ता आणा, नाहीतर याचिका निकाली काढू. आणि तोवर तिने उपचारासाठी सही केली, तर सार्वजनिक तक्रारही उरली नाही असं लिहून दिल्यासारखं. याचिका तिथल्या तिथे संपणार. म्हणून ती सही करत नव्हती.

‘मग आण कुणालातरी! गावात रेषेखालचे ढीगभर आहेत.’

‘प्रत्येकाच्या घरातलं कुणी ना कुणी मुंबईला उपचार घेतंय. त्यांना भीती आहे, आपण कोर्टात गेलो तर घरच्याचं औषध थांबेल. थांबणार नाही हे मी सांगून थकले. भीतीपुढे कायदा सांगून भागत नाही रे.’

‘तुझी पोरं आहेत ना? वकील आहेत सगळे. एकाला हाक मार, दहा धावत येतील.’

‘म्हणूनच नाही मारणार. मी त्यांना एकदा पाणी पाजलंय. आता त्यांच्याकडे काही मागायचा मला अधिकार नाही.’

तिच्या पायांवर सूज यायला लागली होती. मोठ्या मापाच्या चपला घालून ती वर्गात जायची. तारीख लांब होती. मी दिवसभर चरफडायचो, आणि ती गाढ झोपली की तिच्या पावलांवर बोट दाबून बघायचो, खळगा किती वेळ राहतो ते.

एका दुपारी तन्मय साठविलकर आला. तिचा लाडका विद्यार्थी आणि आता कारखान्याचा वकील. हो, तोच, विडीवाला. चारूला त्याचं कधी वाईट वाटलं नव्हतं. म्हणायची, समोरही चांगला वकील लागतो, नाहीतर आपण आळशी होतो. मला मात्र त्याला दारातूनच हाकलावंसं वाटलं.

‘मॅडम, सही करा,’ तो खुर्चीच्या कडेवर बसून म्हणाला. ‘प्लीज. याचिका राहू दे.’

‘तू पक्षकारातर्फे बोलतोयस की तुझ्यातर्फे?’

‘माझ्यातर्फे.’

‘मग चाचणी केलीस का तुझी?’

तो म्हणाला, ‘कारखान्याच्या वकिलाने केली तर उद्या पेपरात येईल, मॅडम.’

‘तन्मय, दोन वर्षं तू भामाकाकींच्या पडवीत जेवलायस. उद्या सकाळी जाऊन नख आणि रक्त देऊन ये. हे तुझी मास्तरीण सांगतेय.’ आणि मग, जरा थांबून, ‘आणि कोर्टात मला सवलत देऊ नकोस. दिलीस तर तोंड बघणार नाही तुझं.’

तो गेल्यावर मी बराच वेळ गॅलरीत उभा होतो. मला जनतेचं काही पडलेलं नव्हतं, खोटं कशाला बोलू? भाटखोल मी नकाशावर पाहिलेलं. मला माझी बायको हवी होती. आणि तेव्हा, इतक्या दिवसांत पहिल्यांदा, मला कालवं आठवली.

मी कुणाला न सांगता डॉक्टर शबानांकडे गेलो आणि नख दिलं, रक्त दिलं.

‘सर, तुमच्या अंगातही भाटखोलचंच कॅडमियम आहे,’ काही दिवसांनी त्यांनी सांगितलं. ‘पण इजा रेषेच्या खाली. काळजी करू नका, कायद्याने तुम्हाला काही झालेलं नाही.’

मी घरी येऊन चारूसमोर उभा राहिलो. ‘विष आहे, हक्क नाही. नुकसानभरपाई नाही, उपचार नाही, काही म्हणजे काही मिळणार नाही. असा माणूस चालेल तुझ्या याचिकेला?’

तिला कळायला क्षणभर लागलं. मग ती म्हणाली, ‘कालवं?’

‘कालवं.’

ती हसली. कितीतरी दिवसांनी खळखळून हसली, आणि मग माझा हात धरून बसली. ‘तुला कोर्ट आवडत नाही शिरीष.’

‘कोर्ट नाही आवडत. तू आवडतेस. सही कधी करतेस बोल.’

‘तू उभा राहिलास आणि त्यांनी तुला मान्य केलं, की त्याच दिवशी.’

कोल्हापूरच्या खंडपीठापुढे मी उभा राहिलो. आयुष्यभर फळ्यापुढे उभा राहिलेला माणूस मी, पण तिथे कुठे बघायचं तेच कळेना. चारू मागच्या बाकावर बसली होती, सुजलेले पाय चपलेतून अर्धे काढून. तन्मय उठला. त्याने मला सवलत दिली नाही.

‘केळुसकर सर, याचिकाकर्त्याने शपथेवर सांगायचं असतं की त्याचं वैयक्तिक हित नाही. तुमचं आहे का?’

मी आमच्या वकिलांनी लिहून दिलेल्या कागदाकडे पाहिलं. त्यावर ‘नाही’ लिहिलं होतं. कायद्याच्या नजरेत ते खरंच होतं. पण मी शपथ घेतली होती, आणि मागे ती बसली होती.

‘आहे,’ मी म्हणालो.

वकिलांनी कपाळाला हात लावला. न्यायमूर्ती बाईंनी मान वर केली.

‘काय हित आहे?’

‘मी मान्य झालो तर माझी बायको उपचाराला जाईल. तोवर ती जाणार नाही. खाडीचं काय ते नंतर बघू. मला ती जगायला हवी आहे. आणखी काही नाही.’

तन्मयने एकदा मागे वळून चारूकडे पाहिलं आणि म्हणाला, ‘माझा आक्षेप कायम आहे. यांनी स्वतःच हित कबूल केलंय.’ बोलायचं ते पुरं बोलला.

न्यायमूर्ती थोडा वेळ लिहीत राहिल्या. मग म्हणाल्या, ‘जनतेच्या नावाखाली स्वतःची पोळी भाजून घेणाऱ्यांना अडवायला हा नियम केला. आता नवीन चाचणीमुळे दिसतंय की त्या खाडीचं थोडंफार सगळ्यांच्याच अंगात आहे. काहीच संबंध नसलेला माणूस शोधत बसलो तर तो फार लांबून आणावा लागेल, आणि त्याला खाडीचं काहीच वाटणार नाही. यांनी खरं सांगितलंय. आक्षेप फेटाळला.’

बाहेर जिन्यात चारूने सही केली. भिंतीला कागद टेकवून, माझ्या पेनने. तन्मय खाली मान घालून उभा होता. त्याच्या पाठीवर थाप मारून ती म्हणाली, ‘प्रश्न बरोबर विचारलास.’ मग विचारलं, ‘नख दिलंस?’

‘दिलं, मॅडम. खाली आहे.’

‘देवा,’ ती म्हणाली आणि पायरीवर बसलीच.

उपचार झाले. सुरुवातीला गुण आला, सूज उतरली, हॉस्पिटलातल्या नर्सना ती कायदा शिकवायला लागली. पण जे वेळेवर व्हायचं ते उशिरा झालं होतं. नवीन पेशींनी जीव धरला नाही. डॉक्टर म्हणाले, थोडं आधी आला असतात तर. आधी का आलो नाही ते त्यांना सांगून काय उपयोग होता?

निकाल लागायच्या आधी ती गेली. शेवटी शेवटी मला म्हणाली होती, ‘निकाल काही लागू दे, गावात जाऊन वाचून दाखव. आपल्याकडे तशी पद्धत आहे.’ आपल्याकडे म्हणजे त्या गळक्या शेडमध्ये. मी म्हणालो होतो, ‘तूच वाच ना बरी होऊन.’

निकाल आपल्या बाजूने लागला. सांडपाणी बंद, खाडीतला गाळ काढायचा, रेषेवरच्या आणि रेषेखालच्या सगळ्या घरांना वरच्या धरणातून नळाचं पाणी. मी तो घेऊन भाटखोलला गेलो. पहिल्यांदा.

भामाकाकींच्या पडवीत गाव जमलेलं. नळ अजून यायचे होते. कोपऱ्यात पितळी तांब्या-भांडं झाकून ठेवलेलं, आणि मी त्याच्याकडे बघत होतो. ठरवूनच आलो होतो, आज पाणी प्यायचं. एवढ्या वर्षांचं सगळं एका भांड्यात फिटेल असं काहीतरी मूर्खासारखं डोक्यात होतं.

मी हात पुढे केला तशा भामाकाकी लगबगीने उठल्या. ‘सर, त्यातलं नको.’ आत गेल्या आणि बाहेर आल्या ते दुकानातली सीलबंद बाटली घेऊन. पदराने पुसून माझ्यापुढे धरली.

‘हे कशाला, काकी?’

‘मॅडमनी सांगून ठेवलेलं हाय. आमचे सर कधी आले तर त्यांना तांब्यातलं देऊ नका, त्यांना चालत नाय. आन् मनाला लावून घेऊ नका, मानूस चांगला हाय, नुसता शिकलेला हाय.’ काकी हसल्या, पण डोळे भरलेले होते. ‘त्या यायच्या तवा दर बारीला आम्ही एक बाटली आणून ठेवायचो. वाटायचं, यंदा सर बी असतील संगती.’

मी बाटली घेतली. झाकण फिरवत राहिलो, ते काही केल्या उघडेना. शेवटी काकींनीच उघडून दिलं. दोन घोट प्यायलो, चष्मा पुसला आणि निकाल वाचायला घेतला.